शाळेने पोषण आहारासाठी मुलांकडून पैसे मागितले तर द्यायचे का?

पाटीपेन्सिल
मुलगी सहावीत आहे. अनुदानित मराठी शाळा. दोन आठवड्यांपूर्वी वहीत चिठ्ठी चिकटवून आली: "पोषण आहार अधिक सकस व्हावा यासाठी पालकांनी दरमहा ५० रुपये ऐच्छिक सहकार्य करावे." आम्ही लगेच दिले, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण ऐच्छिक म्हणजे काय ते नंतर कळलं. हजेरी झाली की बाई विचारतात कोणाचे राहिले. ज्यांचे राहिले त्यांचे हजेरी क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असतात आणि दिवसभर तसेच राहतात. लेकीची एक मैत्रीण आहे, तिचे वडील रोजंदारीवर जातात आणि त्या दोघी बहिणी याच शाळेत आहेत. ही मैत्रीण आता मधल्या सुट्टीत "भूक नाही" म्हणते. तिला कोणीही जेवू नकोस म्हटलेलं नाही, बरं का. वाढणाऱ्या ताई उलट हाक मारतात. पण ती येत नाही.

शाळा चांगली आहे, शिक्षक मनापासून शिकवतात, त्यामुळे भांडायचं नाहीये. एवढंच विचारायचंय की असे पैसे मागता येतात का, आणि बोलायचं झालं तर कोणाशी?

रानवाट
५० रुपये महिना म्हणजे दिवसाला दोन रुपये. एवढ्यासाठी धागा? आपण बाहेर एका चहाला किती देतो?

पाटीपेन्सिल
@रानवाट, आम्ही दिलेत हो. प्रश्न फळ्यावरच्या आकड्यांचा आहे.

निळीशाई
दोन मुली म्हणजे शंभर. रोजंदारीच्या घरात महिनाअखेरीला शंभराची नोट कुठे जाते ते रानवाट यांना माहीत नसावं. असो.

कोर्टकचेरी
कायद्याचं थोडक्यात सांगते. पहिली ते आठवी, सरकारी आणि अनुदानित शाळा, शाळेच्या प्रत्येक दिवशी एक वेळचं जेवण विनामूल्य. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३, कलम ५. हा मुलाचा हक्क आहे, योजना चालू आहे तोवर मिळणारी सवलत नव्हे.

त्याच्याही आधीचं म्हणजे पीयूसीएल खटला (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरी हक्क संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी केलेला). सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला सगळ्या राज्यांना शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं: किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षाला किमान २०० दिवस. पुढे २० एप्रिल २००४ च्या आदेशात तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. शिजवण्याचा खर्च कोणत्याही परिस्थितीत मुलांकडून किंवा त्यांच्या पालकांकडून वसूल करायचा नाही, असं त्यात म्हटलंय. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासी व्यक्तींना प्राधान्य द्यावं, हेही त्याच आदेशातलं.

आता कोणी म्हणेल वसुली वेगळी आणि देणगी वेगळी. बरोबर, स्वखुशीने कोणीही देऊ शकतं. पण नावं वाचून, फळ्यावर लिहून घेतलेल्या पैशाला देणगी म्हणायला माझी जीभ वळत नाही. उद्या शाळेला विचारणा झालीच तर चिठ्ठीवरचा "ऐच्छिक" हा शब्द त्या फळ्यासमोर टिकणं अवघड आहे.

अंजनवेल
माझ्या वेळी शिजवलेलं काही नव्हतंच. १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. हजेरी ८० टक्के हवी, नाहीतर नाही. बाबा कापडी पिशवी घेऊन शाळेत रांगेत उभे राहायचे. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या पोटात जायचा, माझ्या एकट्याच्या नाही. खिचडी सुरू झाली तेव्हा मी शाळेतून बाहेर पडलो होतो, धाकट्याला मिळाली.

जुनीखोड
त्याच्याही आधीची मंडळी आहेत इथे. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सुकडी, म्हणजे पीठ-गुळाचा कोरडा खाऊ, खाल्ली आहे. खिशात भरून घरी न्यायचो, खिसा तेलकट व्हायचा म्हणून आईच्या शिव्या, आणि त्याच खिशातली सुकडी तीही खायची.

खडूफळा
मी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक आहे. पाटीपेन्सिल ताई, तुमचा राग योग्य आहे. फळ्यावर नंबर लिहिणं चूकच. पण ती चिठ्ठी काढायची वेळ का आली असेल तेही ऐका, नाहीतर इथे सगळे मिळून त्या बाईंना फासावर द्याल.

१ मे २०२५ पासूनचा दर असा: पहिली ते पाचवी, एका मुलामागे एका दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. सहावी ते आठवी १० रुपये १७ पैसे. यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. तांदूळ यात धरलेला नाही, तो वेगळा येतो, लहानांना १०० ग्रॅम आणि मोठ्यांना १५०.

पहिली ते पाचवीचं प्रमाण घ्या. डाळ २० ग्रॅम, भाजी ५०, तेल ५. डाळ १२० रुपये किलो धरली तर २ रुपये ४० पैसे. भाजी ४० रुपये किलोने दोन रुपये. तेल दीडशे रुपये किलोने ७५ पैसे. झाले ५ रुपये १५ पैसे. राहिले १ रुपया ६३ पैसे, त्यात मीठ, मसाला, कांदा आणि गॅस. आमच्याकडे डाळ-तेल पुरवठादाराकडून येतं, इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे तेवढे शाळेच्या खात्यावर येतात. म्हणजे हा हिशेब मी रोज असा मांडत नाही, पण पैसा किती ताणलेला आहे ते कळावं म्हणून मांडला.

आता खरी गोम. ४० मुलं असतील तर त्या १.६३ चे दिवसाला ६५ रुपये होतात, ओढूनताणून भागतं. १२ मुलांची वस्तीशाळा असेल तर होतात १९ रुपये ५६ पैसे. बारा मुलांच्या खिचडीला चाळीस मुलांच्या खिचडीपेक्षा गॅस कमी लागतो, मान्य, पण एक तृतीयांशापेक्षा कमी लागत नाही! बाजाराच्या गावाला भाजी आणायला जायचं पेट्रोलही तेवढंच. जितका पट कमी तितका शाळेचा तोटा जास्त, हे दर ठरवणाऱ्या कोणाला सुचलेलं दिसत नाही.

आणि हे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात असं समजू नका. तोवर किराणावाल्याकडे उधारी कोणाच्या नावावर असते? शाळेच्या नाही, माझ्या.

बाराखडी
सर, अंड्याचंही सांगा ना.

खडूफळा
सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. मुलं त्या दिवशी हटकून यायची. जून २०२४ ला तीन संरचित आहार पद्धत आली, म्हणजे जेवणात तीन प्रकारचे पदार्थ, पंधरा पाककृती. पुढे जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयात पाककृती बारा झाल्या. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व हे ऐच्छिक झाले आणि त्यांना वेगळा निधी नाही. करायचेच असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून करावेत.

म्हणजे लोकसहभाग हा शब्द त्या शाळेने मनाने काढलेला नाही, वरूनच आलाय. बाजारात एक अंडं सहा-सात रुपयांना. लहान वर्गातल्या मुलाच्या अख्ख्या दिवसाचा दर तेवढाच. सहभाग करणारे लोक कोण? ज्या गावात द्यायची ऐपत असलेल्यांची मुलं इंग्रजी शाळेच्या बसने निघून जातात, तिथे माझ्याकडे उरलेत ते घेणारेच.

कोर्टकचेरी
सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून म्हणते, निधी अपुरा आहे हे मला पूर्ण मान्य. पण लोकसहभाग म्हणजे गाव, दुकानदार, माजी विद्यार्थी, संस्था. सहावीतल्या मुलीच्या हातून आणलेली नोट हा लोकसहभाग नव्हे.

खडूफळा
शंभर टक्के मान्य. म्हणूनच आधी चूक म्हटलं, मग बाकीचं.

दूरदेशी
आम्ही अमेरिकेत आहोत. इथे प्रत्येक मुलाचं जेवणाचं खातं असतं, आईबापांनी घरून पैसे भरायचे आणि रांगेच्या शेवटी मुलाने आपला नंबर दाबायचा. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, पण त्यासाठी बऱ्याच ठिकाणी फॉर्म भरावा लागतो. फॉर्म राहिला, खातं रिकामं झालं, की उधारी चढते. काही शाळांत अशा मुलाच्या हातातलं गरम ताट काढून घेऊन थंड सँडविच द्यायचे, कुठे हातावर शिक्का मारायचे. न्यू मेक्सिको राज्याने २०१७ साली कायदा करून हे बंद केलं: थकबाकीची गोष्ट पालकांशी बोलायची, मुलाशी नाही.

कोविडच्या काळात सगळ्यांनाच फुकट होतं. ते संपल्यावर २०२२ पासून कॅलिफोर्निया आणि मेन यांनी कायमचं सगळ्यांना मोफत केलं. आमच्या राज्यात नाही. माझ्या मुलाचा एक मित्र फक्त पाणी घेऊन बसायचा. बाकी तुमच्या मुलीच्या मैत्रिणीसारखंच, फक्त फळ्याच्या जागी स्क्रीन.

रानवाट
मग ज्यांना परवडतं त्यांच्या मुलांना खिचडी देऊच नये ना? माझ्या पुतण्याच्या शाळेत अर्धी मुलं घरून डबा आणतात, तरी जेवण सगळ्यांच्या नावावर. तेवढे पैसे गरजू मुलांवर खर्च केले तर त्यांना रोज अंडं मिळेल.

निळीशाई
आणि गरजू कोण ते ठरवायचं कसं? दाखला आणा, रांग लावा. मग खिचडी खाणारी मुलं एका बाजूला, डबेवाली दुसऱ्या बाजूला. हे काही शाळांत आजही आपोआप होतंच. आमच्या गावात तर काही घरं मुलांना डबा का देतात याचं कारण सकसपणा नाहीच. स्वयंपाक करणारी बाई कोण आहे, हे आहे. वरती २००४ चा आदेश वाचला ना? तो उगाच नाही आला. सगळ्यांची पोरं एका ओळीत बसून एकाच पातेल्यातलं खातात, हे मला जेवणातल्या कॅलरींइतकंच महत्त्वाचं वाटतं. तुम्ही म्हणता तसं केलं तर पहिल्यांदा तेच मोडेल.

रानवाट
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण न खाणाऱ्यांच्या नावावर हिशेब लागतो त्याचं काय? ती तर चोरीच.

खडूफळा
जेवले तेवढेच लाभार्थी ॲपवर भरायचे असतात, रोजच्या रोज. खोटी भर घालणारे आहेत, नाहीत असं म्हणणार नाही. त्यातल्या काहींच्या खिशात जातं आणि काही जण त्यातून गॅसची तूट भरतात. कागदावर दोन्ही सारखेच चोर.

मधलीसुट्टी
थोडं विषयाला सोडून. माझा मुलगा चौथीत, मी रोज दहा रुपये हातात देतो. कळलं की तो खिचडी सोडून फाटकासमोरच्या टपरीवरून पाकीट घेतो. पैसे बंद केले तर मित्रांकडून घेतो. काय करावं?

बाराखडी
दहा रुपये रोज देताच कशाला? जेवण शाळेत आहे, बसभाडं लागत नाही, पेन्सिल घरून जाते. पैसा कशाचा तेच त्याला माहीत नाही, म्हणून तो पाकिटाचा झाला. आठवड्याला एकदा द्या, त्याने कसाही उडवावा, सोमवारी संपले तर संपले. आणि मित्रांची उधारी त्याच पैशातून फेडायला लावा.

कोर्टकचेरी
आणि ती टपरी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. अंमल कोण करतं ते विचारू नका.

अंजनवेल
खासगी शाळेतलंही कोणी बोला. आमच्या ओळखीतला मुलगा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत गेला. विनाअनुदानित शाळा, त्यामुळे तिथे पोषण आहार नाही. फी माफ झाली, पण कॅन्टीन कार्डावर चालतं आणि कार्डात पैसे भरायला लागतात. आई डबा देते, पोरगं तो संडासाच्या बाजूला उभं राहून खातं. जिल्हा परिषदेच्या शाळेत असता तर निदान पोटभर तरी मिळालं असतं.

निळीशाई
याचा विचार कुठेच झालेला नाही. प्रवेश दिला की सरकारचं काम संपलं.

जुनीखोड
आणि नववीत गेलं की एकाएकी भूक लागायची बंद होते का? आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये पाचवी ते दहावी एकाच आवारात. सुट्टीत धाकटा जेवतो, थोरला त्याच्याभोवती घोटाळतो. वाढणाऱ्या बायका नियम बाजूला ठेवून थोरल्यालाही ताट देतात. कोणी तपासणीला आलं की थोरले पळतात.

खडूफळा
काका, हे आमच्याकडेही आहे, पण इथे नका लिहू एवढं उघड. :)

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. खूप नवीन कळलं, खासकरून सरांचा हिशेब. तो मी वहीत उतरवून घेतलाय. आता बाईंशी बोलू, मुख्याध्यापकांशी की समितीकडे जाऊ? मी समितीत नाही.

कोर्टकचेरी
समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. कोणी ना कोणी ओळखीचं निघेलच. पण आधी बाईंना एकटीने भेटा. तक्रार अर्ज वगैरे आत्ता नको. पहिल्या दिवशी कागद दिलात तर शाळा बचावात जाईल आणि मैत्रिणीचं नाव उघड होईल. तिचं नाव कोणापुढेही काढू नका, अगदी सद्भावनेनेही.

बाराखडी
आणि तुम्ही तिचे पैसे परस्पर भरू नका. मी भरले होते एकदा एका मुलीचे, वेगळ्या कारणासाठी. तिच्या आईला कळलं तेव्हा त्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं.

खडूफळा
एक व्यवहार्य मार्ग सांगतो, आमच्याकडे चालतो. मुलांकडून एक रुपया नाही. तिथी भोजन म्हणून तरतूद आहे, वाढदिवस, पुण्यतिथी, मुलाला नोकरी लागली, असं काहीही निमित्त. त्या दिवशी ते घर अंडी, केळी, जिलबी, जे जमेल ते सगळ्या शाळेला देतं. पैसे नाही, वस्तू. म्हणजे हिशेबाची कटकटही कमी. द्यायचं नसेल त्याला कोणी विचारत नाही, कारण यादीच नाही. शेतकरी पालक काय देतात माहितीये? पालक, मेथी, शेवग्याच्या शेंगा. ज्यांच्या घरात नोट नसते त्यांच्या बांधावर शेवगा असतो. माझी निम्मी भाजी अशी येते.

फक्त वाटताना "आजचं अंडं अमक्याकडून" असा जयघोष करू नका. एकाने केला, की पुढच्याला मोठा करायचा असतो.

रानवाट
हे आवडलं. घाऊक बाजारात माझ्या ओळखीचा एक अंडीवाला आहे, कोणाला भाव हवा असेल तर निरोप करा.

पाटीपेन्सिल
अपडेट. बाईंना भेटले. मी फळ्याचा विषय काढताच त्या म्हणाल्या, "मलाही नाही आवडत हो, पण वर्गवार किती जमले ते रोज ऑफिसात सांगावं लागतं." म्हणजे दट्ट्या वरून. मग समितीतल्या एका ताईंना घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. ते आधी थोडे तडकले, "अंडी कुठून आणू मग?" मी सरांचा तो ६.७८ आणि १०.१७ चा हिशेब काढून दाखवला. ते हसायला लागले, म्हणाले हे पालकांना कोणी सांगत नाही म्हणून आम्हीच वाईट ठरतो. त्यानंतर बोलणं सोपं गेलं.

वर्गातली वसुली थांबली. आकडे पुसले गेले. २००४ चा आदेश मी शेवटपर्यंत काढलाच नाही, तशी वेळ आली नाही. जमलेले पैसे परत करायचे की गॅसला वापरायचे यावर मात्र एकमत नाही. शनिवारी समितीची बैठक आहे.

ती मैत्रीण आता अधूनमधून जेवायला बसते, पण रोज नाही. आज पुन्हा नाही बसली असं लेक म्हणाली.

निळीशाई
वेळ लागेल तिला. तुमच्या लेकीला सांगा, आग्रह न करता शेजारची जागा धरून ठेव.

जुनीखोड
पैसे परत करू नका म्हणावं. परत करायचे तर पुन्हा यादी वाचावी लागेल, आणि ज्यांनी दिले नाहीत ती पोरं पुन्हा हात बांधून बसतील.

खडूफळा
काकांचं बरोबर आहे. शनिवारी इतिवृत्तात तीन गोष्टी लिहून घ्या: जमलेली एकूण रक्कम, ती कशावर खर्च करायची, आणि यापुढे विद्यार्थ्यांमार्फत कोणतीही रक्कम स्वीकारली जाणार नाही. दात्यांची नावं लिहू नका, रक्कम पुरे. हजर पालकांच्या सह्या तिथल्या तिथे घ्या, नंतर घेऊ म्हटलं की वही कपाटात जाते. आणि समितीतल्या पालकांनी पाळीपाळीने चव घ्यायला जावं, चव रजिस्टर त्यासाठीच असतं. बहुतेक शाळांत ते आम्ही शिक्षकच भरतो.

पाटीपेन्सिल
चव घ्यायला मी जाईन, समितीत नसले तरी चालतं का?

खडूफळा
पालक आहात ना? या.